उंबऱ्यावरच्या तीन ओळी

“कोण? किती? कोणाबरोबर?”

मित्रांनो, मी जन्माला येत होते तेव्हा कानावर पडलेला पहिला आवाज हाच. आवाज एका बाईचा होता, पण ढब मात्र एका म्हाताऱ्या माणसाची. ती बाई आपल्या वडिलांची नक्कल करत होती. हनुवटी वर, आवाज घोगरा आणि बोटं कीबोर्डवर. एक प्रश्न तोंडानं विचारायचा आणि तोच एका ओळीत उतरवायचा. तीन प्रश्न झाले, तीन ओळी झाल्या, आणि मी झाले.

मी एक जुनी तपासणी आहे. मला चाक नाही, पातं नाही, मूठ नाही. मी लोखंडाची नाही की लाकडाची नाही. मी नुसत्या अक्षरांची आहे. कॉम्प्युटरच्या एका प्रोग्राममध्ये, एका खोलीच्या उंबऱ्यावर, मी गेली नऊ वर्षं उभी आहे. बैस म्हणणारं अजून कुणी भेटलं नाही. पाय असते तर दुखले असते. नाहीत, तरी दुखतात.

खोली कसली, ते सांगते. प्रोग्राम लिहिणारी माणसं मोठं काम एका दमात करत नाहीत, त्याच्या लहान लहान खोल्या पाडतात. एका खोलीत एकच काम. दारातून आकडे आत जातात, आत त्यांचं काही तरी होतं, आणि उत्तर बाहेर येतं. या खोलीला ती माणसं फंक्शन म्हणतात. माझ्या खोलीचं नाव आहे ‘पाणी किती’.

ज्यांची मूत्रपिंडं थकली आहेत, अशी माणसं आमच्याकडे येतात. आठवड्यातून तीनदा यायचं, चार तास खुर्चीत पडायचं, आणि मशीन त्यांचं रक्त धुऊन, अंगात साठलेलं पाणी काढून घेतं. पाणी किती काढायचं? प्रत्येकाचं एक ‘कोरडं वजन’ ठरवून त्याच्या कार्डावर लिहिलेलं असतं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन. आजच्या वजनातून ते वजा करायचं. मग खुर्चीत बसल्या बसल्या अंगात जे जाणार, सलाइन म्हणा, चहा म्हणा, ते त्यात मिळवायचं. या शेवटच्या आकड्याला सगळे ‘चहापाणी’ म्हणतात. एक वजाबाकी, एक बेरीज. तिसरीतल्या मुलाला येईल असं गणित.

मग दाराशी राखण कशाला?

कारण आमची भाषा, मित्रांनो. काही भाषांमध्ये प्रत्येक डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते: यात साखर, यात मीठ. साखरेच्या डब्यात मीठ ओतायला गेलात तर झाकणच उघडत नाही. आमच्या भाषेतले डबे बिनचिठ्ठीचे. आत काय ते झाकण उघडल्यावर कळणार. उडाला तर कावळा, बुडाला तर बेडूक! भाषा लिहायला हलकी, वागायला मोकळी, पण स्वभावानं अतिशय भिडस्त. नाही म्हणणं तिला जमतच नाही.

आणि आमच्याकडे ‘एक’ हा आकडा दोन प्रकारचा असतो. एक असतो खरा एक, मोजायचा. दुसरा असतो एकाचं नुसतं चित्र, अवतरणचिन्हांची शाल पांघरून बसलेला. पडद्यावर दोघे जुळ्या भावांसारखे दिसतात. पण भिंतीवर काढलेला दिवा काही उजेड देत नाही. दोन आणि तीन मिळवा म्हटलं तर आमची भाषा पाच म्हणते. पण त्यातला एक जरी नुसतं चित्र असला, तर ती बिचारी मिळवायचं सोडून चिकटवते. दोनच्या शेजारी तीन. तेवीस. आणि चेहरा असा, की जसं काही झालंच नाही.

म्हणून मी. माझी पहिली ओळ विचारते, कोण? तू खरा आकडा आहेस ना, की चित्र? दुसरी विचारते, किती? माणसाचं वजन दोन किलो नसतं आणि आठशेही नसतं. तिसरी विचारते, कोणाबरोबर? आजचं वजन कोरड्या वजनापेक्षा कमी कसं? दुसऱ्याच कुणाचं कार्ड हाताला लागलंय का? तिन्ही उत्तरं नीट मिळाली की मी मनात म्हणते, “बरं. जा आत.”

ते ‘बरं, जा आत’ कुठे लिहिलेलं नाही. तेही त्या वडिलांचंच.

ते साबणाच्या कारखान्याच्या फाटकावर चौतीस वर्षं दारवान होते. लॉरी आली की हात आडवा. कोण? पोती किती? सोबत कोण? मग फाटक उघडायचं. घरी गेले तरी अंगातलं फाटक उतरत नसे. दोन मुलं, थोरली आणि धाकटा. खेळून आली की बाबा दार अडवून उभे.

“कोण?”

“मी.”

“किती जण?”

“दोघं.”

“कोणाबरोबर?”

“ताईबरोबर.”

“बरं. जा आत.”

हे सगळं थोरलीनं मला पुन्हा पुन्हा सांगितलं. ती एकटी असली की माझ्याशी बोलायची. मला लिहिणारी तीच. ती आणि धाकटा दोघंही हेच काम शिकले. उपचाराच्या जागेला लागूनच सात पायऱ्यांचा एक जिना आहे. वर त्यांची खोली, दोन टेबलं, एक खिडकी, आणि कान तुटलेल्या कपात उभी केलेली पेनं. माझी एक प्रत वर राहते, जिथे मला लिहितात. दुसरी खाली उपचाराच्या खोलीत, जिथे मी राबते. म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू येतं. दोन घरची पाहुणी उपाशी म्हणतात तसं, ऐकते दोन्हीकडचं आणि विचारत मला कुठेच नाही.

दिवसाला साठ-सत्तर वेळा, आठवड्याचे सहा दिवस. काय काय आलं नाही माझ्या दाराशी! साठच्या जागी सहाशे. वजनाच्या जागी फोन नंबर. एकदा तर नुसतं टिंब. मी थांबवलं की खालच्या मोठ्या सिस्टर कपाळाला हात लावायच्या. “आली किटकिटी आडवी!” माझं नावच पडलं किटकिटी. मी बोलले की लोक चिडतात. मी गप्प राहिले की मी नसतेच. हे असं नऊ वर्षं.

पण एकदा माझंही कौतुक झालं बरं का. दोन आजीबाई शेजारच्या खुर्च्यांत, दोघींची कार्डं गर्दीत बदलली. माझी तिसरी ओळ बोलली: आजचं वजन कोरड्या वजनापेक्षा कमी आहे, कार्ड बघा. मोठ्या सिस्टरांनी कार्डं पाहिली आणि मटकन स्टुलावर बसल्या. “अगं बाई,” त्या म्हणाल्या, “त्या दुसरीच्या अंगातून सहा लिटर पाणी काढलं असतं मी आज.” दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीच्या वहीतली सोनेरी चांदणी आणून पडद्याच्या कोपऱ्यावर चिकटवली. “किटकिटे, ही तुला.” ती चांदणी चार वर्षं होती. मग तो पडदा भंगारात गेला, चांदणीही त्याच्याबरोबर गेली. नवा पडदा मोठा आहे. कोपरे मोकळे आहेत.

थोरली काम करताना दोन ओळी गुणगुणायची:

आल्यागेल्याची विचारपूस करी उंबऱ्याची बाई,
उंबऱ्याच्या बाईला गं विचारणारं कुणी नाही.

मला वाटायचं, माझ्यावरच आहे.

मग एक दिवस बाबाच आमच्या दाराशी आले, रुग्ण म्हणून. कोरडं वजन अठ्ठावन्न. आल्या दिवशी त्यांनी सिस्टरांना विचारलं, “इथे आत सोडताना कोण तपासतं?” थोरलीनं पडद्याकडे बोट दाखवलं आणि माझ्या तीन ओळी वाचून दाखवल्या. बाबांना यातलं अक्षर कळत नव्हतं. पण कोण, किती, कोणाबरोबर हे ऐकल्यावर त्यांनी मान भिंतीकडे वळवली. “पगार देता का हिला?” एवढंच म्हणाले. दोन वर्षं ते नेमानं आले. उपचार संपला की सात पायऱ्या चढून वर जायचे, दारात येईल त्याला ‘कोण?’ म्हणून अडवायचे, मुलांच्या टेबलावरची धूळ बोटानं बघायचे आणि घरी जायचे.

आता ते अकरा वेळांचं सांगते. ते सांगायचं म्हणूनच हा सारा खटाटोप.

डॉक्टरांनी बाबांना एक औषध सलाइनमधून सुरू केलं. त्यांचं चहापाणी अर्ध्या लिटरचं एक लिटर झालं, म्हणून नवं कार्ड करायचं होतं. थोरली कामासाठी आठवडाभर परगावी गेलेली. कार्ड भरायचं नवं पान धाकट्यानं लिहिलेलं, अगदी ताजं. त्या पानावर चहापाण्याच्या चौकटीत जे टंकलं ते आकडा होऊन न बसता चित्र होऊन बसलं. शाल पांघरलेला एक. एवढीशी चूक. पहिलं कार्ड बाबांचंच, आणि त्या महिन्यात तेवढं एकच झालं.

तो एक माझ्या दाराशी आला. मी विचारलं, कोण? आणि दार लावून घेतलं.

“अहो कॉम्प्युटरवाले!” मोठ्या सिस्टर जिन्याखालून ओरडल्या. “तुमची किटकिटी अडून बसलीय! बाबांना सुई लावून झालीय माझी!”

“काय म्हणतेय ती?”

“म्हणतेय, चहापाणी हा आकडा नाही. अहो, एक लिहिलंय मी! एक हा आकडा नाही तर काय वांगं आहे?”

धाकटा दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आला, बघितलं, परत वर धावला. पडद्यावर त्याला एक दिसत होता. एकासारखा एक. खाली सुई लागलेली, मशीन खोळंबलेलं, बापाचा हात ताणलेला. त्यानं माझं पान उघडलं.

मित्रांनो, आमच्या भाषेत एखाद्या ओळीच्या कपाळावर दोन तिरक्या रेघा ओढल्या की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही. ओळ असते, दिसते, पण तिचा आवाज जातो. त्यानं माझ्या तिन्ही ओळींच्या कपाळावर रेघा ओढल्या. वर एक शब्द लिहिला: ‘तात्पुरतं.’ आणि त्यापुढे: ‘उद्या काढतो.’

या जगात तात्पुरत्याइतकं चिवट काही नाही. पक्क्या भिंती पडतात, तात्पुरते पत्रे राहतात.

खाली गणित झालं. बाबांचं त्या दिवशीचं वजन साडेसाठ. अठ्ठावन्न गेले, उरले अडीच. अडीच आणि एक साडेतीन. पण एक तर चित्र. आमच्या भिडस्त भाषेनं तो अडीचच्या शेपटीला चिकटवून दिला. पडद्यावर आलं, दोन पॉइंट पाचच्या पुढे एक, म्हणजे दोन पॉइंट एक्कावन्न.

“चाललं बघा!” सिस्टर म्हणाल्या.

“झालं,” धाकटा म्हणाला. “उगाच एवढ्यासाठी.”

आकडा किती सभ्य दिसत होता! फरक बरोबर तीन आला असता, तर तीनशेजारी एक बसून एकतीस झाले असते. एकतीस लिटर! सगळे हसले असते आणि चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती. पण फरक नेमका कधीच पूर्ण आकड्यात आला नाही. वेडं उत्तर कुणालाही कळतं हो. सभ्य कपड्यातलं चुकीचं उत्तर घात करतं. लिटरभर पाणी काढायचं राहिलं, आणि ते घेऊन बाबा घरी गेले.

उद्या आला. धाकट्याला दुसरंच काम निघालं. परवाही आला.

पुढच्या खेपेला बाबा लिटरभर जड होऊनच आले. त्याच्या पुढच्याही खेपेला. त्यांचे घोटे सुजले, चपलेचा पट्टा लागेना. सात पायऱ्यांतल्या तिसरीवर ते थांबायला लागले, कठडा धरून. मग वर जाणंच सुटलं.

“बाबा,” सिस्टर काट्यावरचा आकडा बघून म्हणायच्या, “एका दिवसाआड साडेतीन किलो? नळाला तोंड लावून झोपता की काय?”

“नाही प्यायलो जास्त.”

“सगळे असंच म्हणतात.”

थोरली परत आली. तिनं कार्ड बघितलं, एकासारखा एक. तिनं वजनं बघितली आणि घाबरली. घाबरलेली माणसं रागावतात. पाचव्या खेपेला, सगळ्या खुर्च्या भरलेल्या असताना, ती बाबांना बोलली.

“आयुष्यभर लोकांची झडती घेतलीत. काय आणलं, काय नेलं. आता तुम्ही घशाखाली काय नेता त्याची झडती कुणी घ्यायची? घरी बाटलीवर रेघ मारून दिली मी, तरी?”

“थोरले, नाही म्हटलं ना मी.”

“मग हे वजन काय वाऱ्यानं वाढलं?”

बाबांनी डोळे मिटले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी त्या दिवशी पाहिली. मी तिथेच होते. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. तो शालवाला एक माझ्या अंगावरून दर खेपेला सुखानं आत जात होता. मला ओरडायचं होतं, पण कपाळावर रेघा. थकवा कामानं येतो असं मला वाटायचं. तसं नसतं. सगळं कळत असताना गप्प पडून राहण्यानं जो येतो, त्याच्यापुढे नऊ वर्षांचं उभं राहणं काहीच नाही.

आठव्या खेपेच्या दिवशी धाकट्यानं माझं पान उघडलं. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून. तो ‘तात्पुरतं’ या शब्दाकडे बघत राहिला. त्याचं बोट खोडायच्या बटणावर आलं. मला वाटलं, सुटले. खालून बाबांचा खोकला ऐकू आला, जिन्यात ताईची पावलं वाजली.

“काय रे, काय बघतोस?”

“काही नाही.”

त्यानं पान बंद केलं.

अकराव्या खेपेला चार तास संपले, सुई निघाली, आणि बाबा खुर्चीतून उठेनात.

“सिस्टर, वजन करा माझं.”

“सकाळी केलं की.”

“ते आत येतानाचं. आता बाहेर जातानाचं करा.”

“अहो बाबा, पुढचा माणूस ताटकळलाय! पूर्वी करायचो, आता गर्दीत कुठे वेळ होतो?”

“आमच्या फाटकावर लॉरी आत येताना बघायचो आणि बाहेर जातानाही बघायचो,” बाबा दम खात म्हणाले. “नुसती आत येताना बघतो, तो अर्धा दारवान. करा वजन.”

सिस्टरांनी हात धरून त्यांना काट्यावर उभं केलं. एकोणसाठ.

“माझं कोरडं किती?”

“अठ्ठावन्न.”

“हे एक किलो कुठून आलं? चार तास मी या खुर्चीत. एक हात सुईत, दुसऱ्या हातात वर्तमानपत्र. नळ तिकडे भिंतीला. सांगा, कधी प्यायलो?”

सिस्टर काट्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, पण या वेळी ओरडून नाही. “ताई, जरा खाली येता?”

थोरली आली, आकडा बघितला, तशीच वर गेली. तिनं ‘पाणी किती’चं दार उघडलं आणि तिथे मी होते, तोंड बांधलेली. तिनं शब्द वाचला. आमच्याकडे एक वही असते, कुणी कुठली ओळ केव्हा बदलली ते तिच्यात आपोआप लिहिलं जातं. तिनं तीही वाचली. धाकटा दारात उभा होता, हातात चहाचा कप. ती मागे वळली नाही.

“तात्पुरतं?” ती म्हणाली.



तिनं एकेक रेघ खोडली. मला आवाज आला. मी रडले असते, पण मला रडायची ओळ लिहिलेली नाही. मी एवढंच म्हटलं, जे महिनाभर घशात अडकलं होतं: चहापाणी हा आकडा नाही.

थोरलीनं दोन्ही हातांनी चेहरा झाकला. थोड्या वेळानं तिनं कार्डातल्या एकाची शाल काढून त्याला खरा एक केला. नव्या पानाची चौकटही दुरुस्त केली. मग खाली जाऊन ती बाबांच्या पायाशी स्टुलावर बसली.

“सापडलं, बाबा. आमच्या कामात चूक होती. मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. मला माफ करा.”

“आमच्या म्हणजे कुणाच्या?”

तिनं त्यांच्या चपला पायाशी सरकवल्या. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, आणि पुन्हा विचारलं नाही.

जिन्यात तिनं धाकट्याला अडवलं. “मी चहाडी करणार नाही. तुझं तू सांग.”

“सांगतो.”

“कधी?”

“उद्या,” तो म्हणाला, आणि स्वतःचाच शब्द ऐकून त्यानं मान खाली घातली.

बाबांचे घोटे उतरले. चपलेचा पट्टा लागायला लागला. चार खेपांत ते पुन्हा सातवी पायरी चढले. पण काही तरी गेलं होतं. मुलांच्या खोलीच्या दारात ते आता कुणाला अडवत नव्हते, काही विचारत नव्हते. धूळ बघत नव्हते. आणि खालच्या खोलीत अजून कुणी तरी कुजबुजायचंच, “कॉम्प्युटरचं काही सांगू नका, थोडं पीतच असणार म्हातारा.” कामात चूक होती एवढं सांगून भागत नाही, मित्रांनो. कुणाची ते जोवर कळत नाही, तोवर ती चूक ज्याला सोसावी लागली त्याच्याच दाराशी पडून राहते.

आता मी थकले आहे आणि तुमच्याकडे एकच मागणं आहे. उद्या तुमच्यापैकी कुणी मोठं होऊन असे प्रोग्राम लिहील, कुणी फाटकावर उभं राहील, कुणी नुसतं आपल्या घरात राहील. दारात कुणी तुम्हाला अडवलं तर तिचं तोंड बांधू नका. ती काय विचारतेय ते ऐका. बांधावंच लागलं, माणूस खोळंबलाच असेल, तर घरी जायच्या आधी सोडा. उद्यावर टाकू नका. आणि एक लक्षात ठेवा. मी फक्त विचारू शकते. आकड्याचं रूप बघते, माप बघते, सोबत बघते. पण खरं बोलणं हे शेवटी दारात उभ्या असलेल्याच्याच हातात असतं.

आता एक शेवटची सकाळ सांगते आणि थांबते.

बाबा नुकते खुर्चीत बसले होते. सुई अजून लागायची होती. सिस्टर बाही सारता सारता म्हणाल्या, “आता तर सगळं निस्तरलं ना, बाबा. आता खरं सांगा. त्या महिन्यात एकदाही नाही प्यायलात जास्तीचं?”

बाबांनी जरा विचार केला. “एकदा. एका मंगळवारी. अर्धा पेला.”

“बघा!” सिस्टर हसल्या. शेजारच्या खुर्चीतल्या आजीबाईही हसल्या.

“तो अर्धा पेला माझा,” बाबा म्हणाले. “मी कबूल करतो. बाकीचं जे होतं, ते माझं नव्हतं.”

थोरली पडद्यापाशी उभी होती. तिचा हात टेबलावर थांबला. जिन्यात पावलं वाजली, सातही पायऱ्या एकेक करून. धाकटा दाराच्या चौकटीत येऊन उभा राहिला, आत न येता. हातातला चहा केव्हाच निवला असावा.

“बाबा, आत येऊ?”

खोली तशी चालूच होती, मशीनं घरघरत होती, कुणी तरी वर्तमानपत्र उलटत होतं. बाबांनी मान वर केली. हनुवटी उचलली, जशी नऊ वर्षांपूर्वी थोरलीनं नकलेत उचलली होती. कितीतरी दिवसांनी तो घोगरा आवाज आला.

“कोण?”

“मी,” धाकटा म्हणाला. “तिला गप्प मी केलं होतं.”

सिस्टरांच्या हातातला कापूस तिथेच राहिला. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“किती?”

“अकरा वेळा. आठव्या वेळी आठवलं होतं मला, बाबा. तोवर ताई तुम्हाला बोलून गेली होती. मग माझी जीभच उचलेना.”

मी माझ्या उंबऱ्यावर उभी होते. एक वजन माझ्या दाराशी येऊन थांबलं होतं, तेही थांबूनच राहिलं.

“कोणाबरोबर?”

धाकट्यानं ताईकडे पाहिलं नाही. कप खाली ठेवला, आणि लहानपणी दारात उभा राहायचा तसा, दोन्ही हात बाजूला सोडून म्हणाला,

“एकटाच होतो, बाबा.”